गोचीड हाताने काढू नका

आमच्या थोरल्या चुलत्यांचे, तात्यांचे, कान विहिरींत गेले. पारनेरच्या खडकात विहीर पाडायची म्हणजे सुरुंग लावावा लागतो, आणि तात्यांनी तरुणपणाची बारा-पंधरा वर्षं लोकांच्या विहिरींना सुरुंग लावण्यात घालवली. वात पेटवायची, दोर धरून वर यायचं, पळायचं आणि कानांवर हात दाबायचे. हात दाबायला दर वेळी सवड मिळत नसे. मला कळतं तेव्हापासून त्यांचा डावा कान पूर्ण बंद आहे. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचतं. शाळा चौथीपर्यंत. वाचता मात्र येतं, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत.

त्यांच्याकडे एक कुत्रं होतं. तांबूस, अंगाने किरकोळ, एक कान कायम दुमडलेला. त्याला नाव नव्हतं. तात्या 'यू यू' करून बोलवायचे, म्हणून सगळी वस्ती तसंच बोलवायची. सकाळी तात्या दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाले की ते उठायचं. वस्तीपासून डेअरी दीड किलोमीटर. रस्ता डांबरी, अरुंद, आणि त्यावरून कांद्याचे टेम्पो आणि खडीचे डंपर असे धावतात की जणू रस्ता त्यांनीच बांधलाय. कुत्रं तात्यांच्या उजव्या बाजूने चालायचं. मागून गाडी आली की अंग त्यांच्या गुडघ्याला घासून त्यांना कडेच्या मातीत ढकलायचं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तात्या खाली बघायचेसुद्धा नाहीत. मातीत उतरायचे, गाडी गेली की परत डांबरावर यायचे.

काकीचा नियम साधा होता. "कुत्रं संगं आसंल तर जावा. न्हाईतर बसा घरी, मी घालते दूध."

काकीने दूध घातलं असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नव्हतं. दिवसभरात तात्या एकटे, कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता जी एकच गोष्ट करत, ती ही होती.

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं. माझे वडील नगरला एका लहानशा छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. छापून उरलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचे. पाढे पाठ झाल्यावर मी कागद उलटून पुढची बाजू वाचायला लागले. जाहीर निषेध. पाणी आमच्या हक्काचं. हुंडा देणार नाही, घेणार नाही. इतर मुली बडबडगीतं म्हणत होत्या त्या वयात मला 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य तोंडपाठ होतं. मला ते सगळं खरं वाटायचं. अजूनही वाटतं. नीट छापलेली एक ओळ योग्य माणसाच्या हाती गेली तर जग हलतं, यावर मी इतका विश्वास ठेवला की ती ओळ चुकीची असली तरीही जग हलतं, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

कॉलेज संपवून मी वस्तीवर परत आले ते फाल्गुनात. गव्हाची सोंगणी चालू होती, दुपारचं ऊन तापायला लागलं होतं. याच दिवसांत गोठ्याच्या दगडी भिंतींच्या भेगांतून गोचिडी बाहेर पडतात. आमच्याकडे तेव्हा एक जुनी रीत होती. होळीच्या आधीचे आठ दिवस वस्तीवरच्या बाया आणि लेकरं दुपारी गोठ्यात बसायची आणि गाईंच्या, म्हशींच्या, कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी एकेक करून काढायची. काढलेली गोचीड ओल्या शेणाच्या गोळ्यात खुपसायची. तो गोळा थापून त्याची गोवरी करायची, वाळवायची आणि होळीच्या संध्याकाळी बोंब मारत आगीत टाकायची. गोचीड जळाली, वर्षाची रोगराई जळाली.

तात्यांची गोवरी सगळ्यांत मोठी असायची. यू यूचं डोकं मांडीवर घेऊन ते तासन्‌तास बसत. कानांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, पट्ट्याखाली बघत.

मला हे सगळं भयंकर वाटलं. एकविसाव्या शतकात, हातात मोबाईल धरून, माणसं शेणात किडे कोंबून रोगराई जाळतात! मी ओट्यावर उभी राहून बोलले.

"काकी, गोचीड जाळून रोगराई जाती का?"

"मग काय तुझं पत्रक जाळून जाती?"

"शास्त्र बघा जरा. हाताने गोचीड काढताना ती फुटली तर तिचं रक्त तुमच्या हाताला लागतं. त्यातून माणसालाही ताप येतो. औषध मारायचं सोडून हे काय?"

"आत्तापातुर तर कुनी मेलं न्हाई."

"मेलं असलं तरी तुम्हाला कळलं नसेल कशाने मेलं."

काकी पुढची गोचीड काढायला वळली. मला वाटलं मी जिंकले. शेजारची एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "घ्या. शिकून आली आन् पैली भांडली ती गोचिडीशी."

त्याच रात्री मी पत्रक लिहायला घेतलं. चांगलं लिहिलं होतं, हे मी आजही म्हणेन. गोचीड कुठे लपते, अंडी कुठे घालते, भिंतीच्या भेगा चिखलाने का लिंपाव्यात, औषध एकदा मारून का भागत नाही, कुत्र्याच्या झोपायच्या गोणपाटाला उकळतं पाणी का द्यावं, सगळं होतं. आणि एक वाक्य असं होतं: 'गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, साबणाच्या पाण्यात टाकावी, नंतर हात धुवावेत.'

छापखाना सोडून वस्तीवर राहायला आलेल्या वडिलांनी कागद हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. जुळाऱ्याची सवय.

"लई लांब झालंय. एका पानावर बसायचं न्हाई."

"काय काढू?"

"ते तुझं तू बघ. पण ठळक ओळ पाच शब्दांच्या वर नको. त्याच्या पुढं मानूस वाचत न्हाई."

मी कापाकापी केली. भेगा गेल्या, गोणपाट गेलं, चिमटाही गेला. ठळक ओळ झाली: 'गोचीड हाताने काढू नका!' तिच्याखाली 'औषध फवारा, अंधश्रद्धा सोडा.' वाक्याला धार आली म्हणून मी खूश होते. अर्थ बदलला हे माझ्या लक्षात आलं नाही. चिरडू नका असं लिहायचं होतं. काढू नका असं छापलं गेलं. माझ्या हातानेच.

तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानातून शंभर प्रती काढल्या. वस्तीला वीस पुरल्या असत्या. उरलेल्या मी आसपासच्या वस्त्यांवर वाटल्या.

तात्यांनी पत्रक दोन्ही हातांनी घेतलं. गोठ्याच्या दारात बसून बोट धरून वाचलं, ओळन्‌ओळ. त्यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून मी तिथेच उभी राहिले. त्यांच्याशी नीट कुणी बोलत नाही. कानाशी ओरडून माणूस किती बोलणार? 'जेवा', 'या', 'लाईट आली', एवढंच. सलग वाक्य त्यांच्यापर्यंत पोचतं ते कागदावरून. वाचून झाल्यावर ते, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने म्हणाले, "बरूबर हाय! छापलंय म्हंजी बरूबरच आसनार."

आणि शेणाने ते पत्रक गोठ्याच्या मेढीला, छप्पर तोलणाऱ्या लाकडी खांबाला, चिकटवलं.

त्या वर्षी होळीत गोचिडींची एकही गोवरी पडली नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी कांद्याचा फवारणीचा पंप तीनदा धुऊन घेतला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेलं औषध मोजून पाण्यात कालवलं. गाई बांधलेल्या होत्या, त्यांच्यावर फवारून झालं. यू यूला पंप दिसताच ते शेपूट घालून ओढ्याकडे पळालं. शेतात फवारणी चालू असली की माणसं त्याला दगड मारून हाकलायची, पंपाचा त्याला तोच अर्थ ठाऊक. दिवस मावळायला परत आलं. उद्या अंघोळ घालून औषध लावू, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नगरला गेले. मुलींच्या सकाळच्या बसचा प्रश्न होता, निवेदन द्यायचं होतं. निवेदनातून धरणं निघालं, धरण्यातून बैठका. मी दहा-बारा दिवस मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. कुत्र्याची आठवण झाली नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वस्तीवर आले तर यू यू उठलं नाही. गोठ्याच्या सावलीत आडवं पडलेलं. शेपटीचं टोक फक्त हललं. मी जवळ बसले, दुमडलेला कान उलटा केला आणि हात मागे घेतला. कानाच्या आत कातडी दिसतच नव्हती. एरंडीच्या बियांसारख्या करड्या, फुगलेल्या गोचिडी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या फटींत बारक्या तपकिरी. बोटांच्या बेचक्यांत त्याच. गळ्याच्या पट्ट्याखाली तर ओळच. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

तात्या शेजारीच बसले होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले, "तात्या, हे काय! काढल्या का न्हाई?"

त्यांना माझा राग कळला. ते थोडे गोंधळले. मग मेढीकडे बोट दाखवलं.

"तूच लिवलंस न्हवं? हात लावायचा न्हाई म्हनून. मी न्हाई लावला. रोज बघायचो. औषदाची वाट बघत हुतो."

मी उठून चपला घातल्या.

जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे ड्रेसिंग करणारा माणूस एकटाच होता.

"डॉक्टर लसीकरणाला गेलेत. आन् कुत्र्याचं कायी नसतं इथं, मॅडम. गाय आसती तर फोन लावला आसता."

"का? गाईला ताप आला तर तो ताप, आणि कुत्र्याला आला तर?"

"कुत्र्याला आला तर कुत्र्याला आला."

मी भांडले. भांडणं मला येतं. जे दूध देत नाही त्याचा ताप कुणाच्याच रजिस्टरात बसत नाही, हे मी त्याला चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "खरं हाय तुमचं. पानी पिता का?" माझ्या बाजूने सत्य होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर मात्र निरोप मिळाल्यावर स्वतःच्या मोटारसायकलवर वस्तीवर आले. त्यांनी पापणी ओढून बघितली, हिरडी बघितली, पोट दाबलं. लघवीचा रंग विचारला. मी तो तात्यांच्या कानाशी ओरडून विचारला; ते म्हणाले, गुळाच्या पाण्यासारखा. डॉक्टरांनी स्वतःच्या पिशवीतलं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या.

"गोचीडताप आहे. अंगात रक्त उरलेलं नाही. नगरला रक्त चढवतात, पण एवढा रस्ता हे काढेल असं मला वाटत नाही."

"आठ दिवस आधी कळलं असतं तर?"

ते माझ्याकडे न बघता सुई गुंडाळत म्हणाले, "तर गोळ्यांवर भागलं असतं बहुतेक." मग पिशवीतून एक चिमटा काढला आणि एक गोचीड कशी काढायची ते दाखवलं: तोंडाशी, कातडीला लागून धरायचं, पिळायचं नाही, सरळ ओढायचं. "आणि घरातल्या माणसांची अंगं बघा. कुत्र्याजवळ जो झोपतो त्याचं आधी. पुढच्या पंधरा दिवसांत कुणाला ताप आला तर गोचीड चावली होती असं डॉक्टरला सांगा. लोक ते सांगत नाहीत."

कुत्र्याजवळ तात्या झोपायचे. काकीने त्यांना बाजेवर बसवलं, सदरा काढायला लावला. ते लाजले. "पोरीच्या म्होरं काय ह्ये." काकी म्हणाली, "गप बसा. पोरीनंच घातलंय ह्ये." हे ती चिडून म्हणाली नाही. दुधात पाणी पडलंय असं सांगावं तसं म्हणाली.

कंबरेला नाडीच्या जागी दोन होत्या. तिसरी डाव्या कानाच्या मागे. चांगली फुगलेली, कितीतरी दिवसांची.

मी कानाशी ओरडून विचारलं, "खाजत नव्हतं?"

"खाजत हुतं की."

"मग?"

त्यांनी परत मेढीकडे बघितलं. या वेळी बोटसुद्धा दाखवलं नाही.

मी चिमट्याने ती काढली. काकीने एका हाताने बॅटरी धरली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. कानामागे एक लाल टिपका राहिला. पाण्याच्या वाटीत गोचीड पाय हलवत होती.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, वस्तीवर गुढ्या उभ्या राहत होत्या. मी यू यूला गोळी भाकरीच्या कुटक्यात घालून चारायला बघत होते. ते तोंड फिरवत होतं. तात्या येऊन समोर उकिडवे बसले. मग विचारलं, "आता लावू का गं हात?"

त्यांनी माझी परवानगी मागितली. सुरुंग लावणाऱ्या माणसाने, स्वतःच्या कुत्र्याला हात लावायची.

मी मान हलवली. चिमटा पुढे केला. त्यांनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि ओंजळभर शेण घेऊन आले. ओल्या शेणाने बोटं माखून घेतली आणि कान उलटा करून काढायला बसले. गोचीड बोटांच्या चिमटीत येताच थेट शेणात. एकही फुटत नव्हती. रक्ताचा थेंब बोटाला लागत नव्हता. मी बघत राहिले. माझ्या ठळक ओळीत मला जे सांगायचं होतं ते या माणसाला आधीपासून येत होतं. मी फक्त ते थांबवलं होतं.

रीत खरी होती असं मी म्हणत नाही. रोगराई आगीत जळत नाही, भेगा लिंपाव्याच लागतात, औषधही पुन्हा पुन्हा मारावं लागतं. या सगळ्यावर मी आजही कुणाशीही भांडेन. पण आठ दिवस रोज प्रत्येक जनावराचे कान उलटे करून बघणारी वीस माणसं मी एका कागदाने घरी बसवली, आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

मला माफी मागायची होती. ऐकू न येणाऱ्या माणसाची माफी हळू आवाजात मागता येत नाही. मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले.

"तात्या, माझं चुकलं!"

"आं?"

"माझं चुकलं! मी चुकीचं लिहिलं!"

समोरच्या घरातून म्हातारी बाहेर आली. गुढीला साखरेची गाठी बांधणारा माणूस थांबून बघायला लागला.

"मोठ्यानं बोल, बाय," तात्या म्हणाले.

मी सगळी ताकद लावून ओरडले. सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. तात्यांनी मान डोलावली. त्यांना कळलं का नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी यू यूचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "ह्यो कान झाला. त्यो धर."

मी तो धरला. दुपारपर्यंत आम्ही दोघं बसलो. पाठीवरच्या, पोटावरच्या, बोटांतल्या, सगळ्या निघाल्या. इतकं स्वच्छ कुत्रं वस्तीवर दुसरं नसेल. इंजेक्शनं चालू होती. ते चौथ्या दिवशी गेलं, दुपारी, तात्या त्याला चमच्याने ताक पाजत असताना.

कुत्रं आडवं पडलं तेव्हापासून किटली काकीकडेच होती. ते गेल्यावर दोन दिवस तात्या घरीच बसले. तिसऱ्या सकाळी मला दिसलं तर किटली घेऊन ते रस्त्याला लागलेले. काकी चुलीपाशी होती. मी चप्पल न घालताच मागे धावले.

ते डांबर सोडून पार गवतातून चालत होते. दर दहा-बारा पावलांवर थांबायचे, मान पूर्ण मागे वळवून रस्ता बघायचे, परत निघायचे. किटली हिंदकळायची आणि दूध पायजम्यावर सांडायचं. मी उजव्या बाजूला आले. त्यांनी बघितलं, पण मला त्या बाजूला चालू दिलं नाही. मला गवतात ढकललं आणि स्वतः डांबराकडे आले. मग दीड किलोमीटर मीच मागे वळून बघत राहिले आणि गाडी आली की त्यांची बाही ओढत राहिले. दर वेळी त्यांनी बाही सोडवून घेतली.

डेअरीत पोचायला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. माप घेणाऱ्याने किटली उचलून बघितली, भिजलेला पायजमा बघितला, मग दाराबाहेर नजर टाकली.

"काय तात्या, आज एकलेच? कुत्रं कुठंय?"

तात्यांना ऐकू आलं नाही. कुणी काही विचारलं की ते हसून जसं म्हणतात तसंच ते म्हणाले, "व्हय, व्हय."

माप घेणारा माझ्याकडे बघत राहिला. तो प्रश्न तात्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगायचा माझा धीर झाला नाही.